साडेसहाची साडेसाती

आकडा मोठा दिसला की आपल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. मुलाला नव्वद टक्के पडले की तो हुशार, फ्लॅट हजार फुटांचा असला की घेणारा कर्तबगार, लग्नात पाचशे पानं उठली की मुलीचा बाप खानदानी. रक्तदाब आणि रक्तातली साखर हे दोन अपवाद सोडले, तर वाढल्याचं ऐकून लोक पेढे मागणार नाहीत असा आकडा आपल्याकडे सापडायचा नाही. या आकडेभक्तीशी माझं एरवी भांडण नव्हतं. पण आता ती मोटारीच्या पोटात, थेट गिअरच्या दात्यांपर्यंत जाऊन पोचली आहे. तेव्हा गप्प बसणं म्हणजे पाप आहे.

आमच्या वसई-विरारच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत एक नवी जमात उदयाला आली आहे. ही मंडळी जुनी जिप्सी किंवा जीप घेतात आणि ती ‘बांधायला’ काढतात. पूर्वी माणूस विहीर बांधायचा, माडी बांधायचा, फारच झालं तर पागोटं बांधायचा. हल्ली तो गाडी बांधतो. रविवारी सकाळी वालीवच्या एखाद्या गाळ्याबाहेर जाऊन पाहा. चार सुशिक्षित तरुण एका जिप्सीखाली आडवे पडलेले असतात. वरून फक्त आठ पाय दिसतात आणि खालून वादाचे आवाज येतात. वाद राजकारणाचा नसतो, क्रिकेटचा नसतो. वाद असतो ट्रान्स्फर केसमध्ये कितीचा गिअर घालायचा याचा.

या आठ पायांपैकी दोन माझ्या भाच्याचे आहेत. त्यामुळे या वादात मला मत असण्याचा हक्क आहे, असं मी समजतो.

आता ट्रान्स्फर केस म्हणजे काय, हे ज्या भाग्यवंतांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकत्र कुटुंबातला कर्ता पुरुष असतो ना, तसा हा प्रकार आहे. इंजिन कमावून आणतं, गिअरबॉक्स ती कमाई हातात ठेवतो, आणि कर्ता ती पुढच्या ॲक्सलला आणि मागच्या ॲक्सलला वाटून देतो. सुकाळ असला की सगळं मागच्यालाच. अडचणीची वेळ आली की दोघांना. शिवाय कर्त्याकडे आणखी एक अधिकार असतो. तो म्हणजे काटकसरीचा. ‘फोर लो’ असं लिहिलेल्या जागी दांडा ओढला की सगळ्या घराचा वेग खाली येतो आणि जोर वाढतो. वेग द्यायचा आणि जोर घ्यायचा, एवढाच हा व्यवहार आहे. आमच्या वसईच्या वाड्यांमधून जुन्या काळी रहाट असत. बैल आपल्या चालीनं गोल फिरायचा, आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकात गुंतायचे आणि पोहऱ्यांची माळ पाणी घेऊन वर यायची. कुठल्या चाकाला किती दाते ठेवायचे हे सुतार विहीर बघून आणि बैल बघून ठरवायचा. शेजारच्या वाडीत किती दाते आहेत हे बघून नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर या एका वाक्यात आहे, पण भाचा एका वाक्यात ऐकणाऱ्यातला नाही.

भाच्याची गाडी आहे जिप्सी. जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली. पुढे तिला तेराशे सीसीचं इंजिन मिळालं आणि ती ‘किंग’ झाली. या राणीला राजा का म्हटलं हे मला अजून उमगलेलं नाही, पण गाडी गुणी. सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी तिची विक्री थांबली, तरी तिच्यावरचा जीव काही थांबलेला नाही. तिच्यातली एक सोय अशी की ट्रान्स्फर केसचं बिऱ्हाड गिअरबॉक्सपासून वेगळं आहे. मधे एक छोटासा शाफ्ट, तेवढाच संबंध. म्हणजे गिअरबॉक्सला न दुखवता ट्रान्स्फर केस खाली उतरवून त्यातले दाते बदलता येतात. सोय झाली की मोह आलाच.

मूळ गाडीत ‘लो’चा आकडा आहे २.२६८. म्हणजे वरचा शाफ्ट दोन आणि थोडे जास्त फेरे फिरतो, तेव्हा खालचा एक फेरा पुरा करतो. बाजारात परदेशी संच मिळतात, त्यातला एक ४.१६ चा आणि एक ६.५ चा. झालं! आमच्या आकडेभक्तांना दोन आणि चारच्या पुढे साडेसहा दिसल्यावर दुसरं काय सुचणार? भाचा आणि त्याचे तीन मित्र एकमुखानं साडेसहावाले झाले.

“मामा, घ्यायचं तर मोठंच घ्यावं. पुन्हा पुन्हा कोण उघडणार?”

हे तत्त्वज्ञान शाळकरी मुलाचे बूट घेताना ठीक आहे. पाय वाढतो. तुंगारेश्वरचा डोंगर काही दर वर्षी वाढत नाही.

जरा इतिहासात डोकावू. दुसऱ्या महायुद्धात जी विलीज जीप गाजली, तिच्या ट्रान्स्फर केसचा खालचा आकडा १.९७ होता. पुरते दोनसुद्धा नाहीत! एवढ्यावर त्या गाड्या वाळवंटातून, चिखलातून आणि बाँबगोळ्यांतून गेल्या. युद्ध संपलं, तीच जीप १९४५ साली शेतकऱ्याला विकायला काढली, तेव्हा बनवणाऱ्यांनी विचार केला की हिला आता शत्रूमागे धावायचं नाही, नांगरामागे चालायचं आहे. त्यांनी १.९७ चे सुमारे अडीच केले आणि ॲक्सलचे गिअर ४.८८ वरून ५.३८ वर नेले. काम बदललं म्हणून आकडा बदलला आणि कामापुरताच बदलला. विलीजच्या जीपांची जुळणी १९४९ पासून महिंद्रांनी आपल्या मुंबईत, माझगावला सुरू केली आणि पुढं कित्येक वर्षं तहसीलदार, फौजदार आणि आमदार त्या जीपांतून खेडोपाडी पोचले. साडेसहावाचून एकाही आमदाराचा दौरा अडल्याचं ऐकिवात नाही.

“पण मामा, अमेरिकेत सगळे हेच घालतात.”

घालतात ना! तिथं कॅलिफोर्नियात रुबिकॉन नावाची वाट आहे. वाट म्हणायची पद्धत, प्रत्यक्षात नुसते धोंडे आहेत. काही कपाटाएवढे, काही कपाट ठेवलेल्या खोलीएवढे. तिथं गाडी चालवायची नसते, पालीसारखी चिकटवायची असते. एक चाक हवेत, एक खड्ड्यात, दोन दैवावर. तिथं तासाला दीड किलोमीटर हा वेग नव्हे, घाई समजली जाते. त्या वाटेचं नाव लावून २००३ साली जी रँग्लर निघाली, तिलासुद्धा कंपनीनं चारला एक एवढाच आकडा दिला. म्हणजे रुबिकॉनच्या नावानं निघालेल्या गाडीला चार पुरतात आणि नालासोपाऱ्याच्या जिप्सीला साडेसहा लागतात!

आता आपल्याकडची जमीन बघा. पश्चिमेला रेती. मधे खाजण आणि मिठागरं, म्हणजे चिखल. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी पावसाळ्यात ओढ्यात रूपांतर होणाऱ्या गाडीवाटा. रेतीत आणि चिखलात चाक फिरतं राहावं लागतं. थांबलात की रुतलात. इथं तासाला दीड किलोमीटर वेगानं जाणारी गाडी पुढं जात नाही, खाली जाते. (त्यातून किनाऱ्यावर गाडी घालण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी भरतीचं वेळापत्रक पाठ करावं. समुद्राला ट्रान्स्फर केस नसते, तो एकाच गिअरमध्ये येतो. आणि तुंगारेश्वर तर २००३ पासून अभयारण्य आहे. तिथल्या जनावरांनी आपला गिअर बघण्याची इच्छा व्यक्त केल्याचं मला माहीत नाही.)

दीड किलोमीटरचा वेग उपयोगी पडेल अशी आमच्याकडे एकच जागा आहे: संध्याकाळी सातच्या सुमारास स्टेशनबाहेरचा रस्ता. तिथली वाहतूक बरोबर त्याच वेगानं सरकते. पण तिथंही गंमत बघा. जिप्सीत ‘लो’ टाकलं की पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, मागच्यांना कमी. मातीवर चाकं घसरून आपसात भागवून घेतात. कोरड्या डांबरावर तसं भागत नाही. सगळा ताण शाफ्टांवर आणि गिअरवर येतो आणि काहीतरी मोडतं. म्हणजे साडेसहाला साजेशी जी एकमेव जागा आपल्याकडे आहे, तिथंच तो वापरायचा नाही!

साडेसहावाल्यांचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ते म्हणतात, “पहिल्या गिअरमध्ये फार हळू वाटलं तर तिसरा टाका. वरचे गिअर कोणी काढून घेतलेत?” मुद्दा बिनतोड वाटतो. मी पाटीपेन्सिल घेऊन बसलो. जिप्सी किंगचा पहिला गिअर ३.६५२, दुसरा १.९४७, तिसरा १.४२३. त्यांना ट्रान्स्फरच्या आकड्यानं गुणायचं आणि मग ॲक्सलच्या ३.९०९ नं. मूळ गाडीत पहिल्या ‘लो’चा गुणाकार येतो सुमारे ३२. ४.१६ घातला तर पहिल्याचा ५९ आणि दुसऱ्याचा ३२. म्हणजे पूर्वीचा पहिला गिअर जसाच्या तसा दुसऱ्याच्या जागी मिळतो आणि त्याच्या खाली एक नवी पायरी मिळते. जुनं घर तसंच, वर तळघर फुकट.

आता साडेसहा घाला. पहिल्याचा गुणाकार ९३. तिसऱ्याचा ३६. म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये जाऊनसुद्धा तुम्ही मूळच्या पहिल्यापेक्षा हळूच! पहिला आणि दुसरा हे गिअर मग शोकेसमधल्या काचेच्या बशांसारखे. पाहुणे आले की दाखवायचे. दाखवण्यालाही माझी हरकत नाही, पण त्यांची किंमत बशांपेक्षा जास्त आहे. साडेसहामुळे ॲक्सलवर येणारा पीळ मूळच्या जवळजवळ तिप्पट होतो. जिप्सीचे ॲक्सल ज्यांनी घडवले त्यांनी हा तिप्पट पीळ हिशेबात धरला नव्हता. चाक दगडात अडकलं, तुम्ही इंचभर जास्त पाय दाबला, की पुढच्या चाकाचा जॉइंट सुपारीसारखा फुटतो. मग तो नवा मजबूत घ्यायचा. तो घेतला की शाफ्ट मोडतो. तो घेतला की डिफरन्शियल. आमच्या शेजाऱ्यांनी मुलीच्या लग्नासाठी एका भिंतीला रंग काढला आणि शेवटी फरशा बदलल्या, तसंच हे. म्हणून मी भाच्याला म्हटलं, “बाबा रे, साडेसहापर्यंत आलाच आहेस, आता एक वाढव, म्हणजे साडेसाती पुरी होईल.”

विरुद्ध टोकाला आमचे मेव्हणे. त्यांचा पक्ष ‘जैसे थे’. “कंपनीतल्या इंजिनियरांना अक्कल नव्हती काय? दिलंय ते राहू दे.” एरवी मी या पक्षाचा आजीव सभासद आहे. शेजारच्या इमारतीत एकांची २०१० सालच्या पिढीतली डिझेल थार आहे, त्यांना मी हेच सांगितलं. २४७ न्यूटन-मीटर जोराचं इंजिन आहे, खालचा आकडा २.४८ आहे, कशाला पोट फाडताय? पण जिप्सीच्या पेट्रोल इंजिनाचा जोर १०३ च्या आसपास, निम्म्याहून कमी. आणि मुख्य म्हणजे ‘दिलंय ते राहू दे’ म्हणण्याची वेळ भाच्यानं तीस इंची टायर चढवले त्या दिवशीच टळून गेली. मूळचे टायर सुमारे सत्तावीस इंची. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, म्हणजे सगळे गिअर सुमारे अकरा टक्क्यांनी उंच होतात. इंजिन तेच, ओझं वाढलं. चढावर क्लच घासावा लागतो आणि क्लच प्लेटचा वास गाडीच्या आधी घरी पोचतो. म्हाताऱ्या बैलाच्या रहाटाला मोठे पोहरे बांधून ‘दाते मात्र तेच राहू देत’ म्हणण्यासारखं हे आहे.

इथं ४.१६ चा दुसरा गुण कामाला येतो. हा संच नुसता ‘लो’ बदलत नाही, ‘हाय’ही १.४०९ वरून १.५८ वर नेतो. म्हणजे बारा टक्के खाली. टायरनं जे अकरा टक्के खाल्ले ते ‘हाय’ पोटात घालतो आणि गाडी हमरस्त्यावर पुन्हा पूर्वीसारखी चालते. मोठ्या टायरांचं पाप धुऊन निघतं. जगात अशी प्रायश्चित्तं फार थोडी.

आता तुम्ही विचाराल, एवढा आटापिटा कशासाठी? पोरांचा खेळ आहे, मोडेल नाहीतर चालेल. मीही तसंच म्हटलं असतं, पण या गाडीच्या मागच्या बाकावर माई बसणार आहेत.

माई म्हणजे आमच्या ताईच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. शिरसाड-वज्रेश्वरी रस्त्यानं पारोळच्या पुढे गेलं की आत त्यांचं घर आहे. शहरात यायला तयार नाहीत. “तुमच्याकडे संडाससुद्धा चौथ्या मजल्यावर,” असं त्या म्हणतात. खुब्याचं हाड मोडून जोडलेलं आहे. डॉक्टर खाली वसईत. उन्हाळ्यात रिक्षा दारापर्यंत जाते. पावसाळ्यात घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा उतार लाल चिखल आणि गोटे यांचा होतो, आणि मधे एक ओढा. २०१८ च्या जुलैत आम्ही पाणी काय असतं ते पाहिलं. १० जुलैला गाड्या बंद पडल्या, नालासोपाऱ्याजवळ लांब पल्ल्याच्या गाडीतल्या उतारूंना होडीतून काढावं लागलं, मिठागरांतली माणसं पाण्यात अडकली. तेव्हापासून भाच्याच्या डोक्यात ही जिप्सी आहे. टायर, दिवे आणि स्टिकर नंतर आले. मूळ कारण माई.

म्हणून मी त्याला उताराचा हिशेब मांडून दाखवला. ओल्या उतारावर ब्रेक दाबायचा नसतो. चाक धरलं की गाडी घसरगुंडी होते. गाडी इंजिननं धरून उतरवायची. तीस इंची टायर आणि मूळ गिअर असले, तर इंजिन हजार फेऱ्यांवर असताना गाडी तासाला साडेचार किलोमीटरनं जाते, आणि उतारानं ढकललं की सहा-सात होतात. मग पाय ब्रेककडे जातोच. ४.१६ वर तोच वेग सुमारे अडीच. ढकललं तरी साडेतीन. म्हणजे काठी टेकत चालणाऱ्या माणसाची चाल. माईंच्या खुब्याला हीच चाल सोसते. आणि साडेसहावर दीड. दीडही सोसेल, पण ओढा आला की त्याच गाडीला पाणी ढकलत एका लयीत पार व्हायचं आहे, चढावर चिखलात चाक फिरतं ठेवायचं आहे, आणि मुख्य म्हणजे भर पावसात ओढ्याच्या मध्यावर पुढचा जॉइंट सुपारीसारखा फुटायला नको आहे. एरवी तो फुटला तर चार मित्र फोटो काढतील. त्या दिवशी मागं माई असतील.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण मामा, चार पूर्णांक सोळा हा आकडा सांगायला कसातरीच वाटतो.”

पाहा! जीव कशात अडकलेला असतो. दिवे दिसतात, टपावरचा तंबू दिसतो, पुढची विंच दिसते. गिअर दिसत नाही, म्हणून निदान त्याचा आकडा तरी ऐकू आला पाहिजे. वालीवच्या मिस्त्रींना मी विचारलं. हात पुसत ते म्हणाले, “साहेब, लोक आधी दिवे लावतात, मग टायर, मग कर्णा, आणि पैसे संपले की गिअरचं विचारायला येतात. मी म्हणतो, आधी आत, मग बाहेर.” उपनिषदं वाचायची गरज नाही, वालीवला जावं.

कायद्याचंही एक कलम आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकातला तपशील बनवणाऱ्यानं दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असे बदल गाडीत करायचे नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. गिअर पोटात आहे म्हणून साहेबाला दिसत नाही, हा युक्तिवाद करणाऱ्यांनी विम्याचा साहेब पोट उघडूनच बघतो हे ध्यानात ठेवावं. एमएच-४८ च्या कचेरीत आधी विचारा, विमावाल्याला लेखी कळवा. टायरांसकट.

तेव्हा माझा कौल स्पष्ट आहे. जिप्सीला तीस इंची टायर असतील तर ४.१६. मूळचे टायर असतील तर मूळचाच गिअर. दणकट डिझेल असेल तर हात लावू नका. आणि साडेसहा हवाच असेल, तर आधी कॅलिफोर्नियाचं तिकीट काढा, गिअर तिथं स्वस्तही पडेल.

भाच्यानं शेवटी ४.१६ मागवला आहे. मित्रांना काय सांगायचं ही अडचण होती, ती माईंनी सोडवली. त्यांना हा सगळा प्रकार समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: “उतारावर मला पोटात गोळा येईल का?” भाचा म्हणाला, “नाही, माई.” “मग तोच आकडा बरोबर,” माई म्हणाल्या आणि सुपारी कातरायला घेतली.